अर्धा जिना

आमच्या चाळीजवळच्या परळच्या बाजारातली मासेवाली त्या बेवारशी बोक्याला दिवसभर शिव्या द्यायची आणि प्रत्येक शिवीमागे बांगड्याचं डोकं फेकायची. त्याची लघवी अडकली तेव्हा भर धंद्यातून उठली आणि रिकाम्या पाटीत घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मासे कायमचे बंद केले. मग तिने तो मला दिला, कारण आमच्याकडे मासे शिजत नाहीत.

रोज घरी जाताना ती चाळीखाली थांबून विचारते, "मुतला काय?"

"वर या ना, मावशी."

"नको. हाताला म्हावऱ्याचा वास हाय. तो मागंल, मी नाय कशी म्हननार?"

काल ती हाताला लिंबू चोळून आली. अर्ध्या जिन्यात थांबली, बोटं हुंगली आणि परत उतरली.

बोका केव्हाचा दाराशी येऊन बसला होता.