रानातली जागा दाखवणारं यंत्र

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जीपमध्ये बसवायला जीपीएस घ्यावं म्हणून मी साताऱ्यातल्या एका दुकानात ऐटीत शिरलो. समोर दोन यंत्रं होती. एक रस्त्यापुरतं, दुसरं आडरानातही चालणारं. मी दुकानदाराला छळत होतो, "आटपाडीच्या माळावर भरकटलो तर हे ओरडेल, की माझ्या बायकोसारखं गप्प बसून बघत राहील?"

टॉर्चचे सेल घ्यायला आलेला एक म्हातारा मेंढपाळ हात पाठीशी बांधून, वाकून ते दुसरं यंत्र निरखत होता.

"आवं सायेब, ह्ये रानातली जागा दावतंय व्हय?"

"दाखवतं की, आजोबा!"

"मग माजी ल्येक कुटं हाय त्ये दावंल का? लोणंदच्या पल्याड आमचा तळ व्हता, तितं तापानं गेली. तितंच पुरली आन् सकाळी मेंढरं फुडं हाकली. आता समदं नांगारलंय. दर साली हुडकतोय."

दुकानदार हळूच म्हणाला, "बाबा, जागा यात साठवायला तिथं उभं राहून तेव्हाच याचं बटण दाबायला हवं होतं."

"उभा व्हतो की," म्हातारा म्हणाला. "लय येळ उभा व्हतो."

सेल घालून, टॉर्च एकदा लावून बघून तो गेला. मी आडरानातलं यंत्र घेतलं. दुकानदारानं बटण कसं दाबायचं ते दाखवलं, तेव्हा मी ते पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं.