केझियाची दोन अक्षरं

विदरफर्ड गावाला दगडी इमारतींची हौस भारी. आधी नदीकाठी तुरुंग बांधला, मग त्याच्या शेजारी निराधारांसाठी गरीबघर, मग धान्याचा बाजार, आणि शेवटी तुरुंग पाडून त्याच्याच दगडांचा टाउन हॉल. उद्घाटनाला बँड वाजला, महापौर लांबलचक बोलले आणि दाराशेजारच्या पाटीवर अकरा प्रतिष्ठितांची नावं कोरली गेली. यातल्या निम्म्या इमारतींच्या फरशा जिने जन्मभर गुडघे टेकून घासल्या, त्या केझिया मॉसचं नाव कुठंच नाही. तिला स्वतःच्या नावाची हौस नव्हतीच. तिला फक्त दोन अक्षरं हवी होती.

ती गरीबघरातच वाढली. धाकट्या जॉबला जन्म देऊन आई तिथंच गेली आणि सहा वर्षांच्या केझियाने ते पोर कडेवर घेतलं. स्वतः पेजेचं पाणी पिऊन खालची शितं त्याला भरवली. असा वाढवलेला भाऊ बाविसाव्या वर्षी फासावर गेला. सशासाठी जमीनदाराच्या रानात शिरला होता. रखवालदाराशी झटापट झाली, रखवालदार डोक्यावर आपटला तो उठलाच नाही. ससा मात्र पळून गेला, असं जॉबने कोर्टात सांगितलं तेव्हा लोक हसले होते.

फाशी गेलेल्याचं प्रेत घरच्यांना देत नसत. तुरुंगाच्या आवारातच पुरायचं, वर ना क्रूस ना फूल. जवळच्या भिंतीतल्या एका दगडावर नावाची दोन अक्षरं आणि खाली साल, एवढीच काय ती खूण. बहिणीला तिथं पाऊल टाकायची सोय नव्हती.

तीन महिन्यांनी तुरुंगाला फरशा घासायला बाई हवी झाली. केझिया तोवर लग्न होऊन विधवाही झाली होती, त्यामुळे आडनाव वेगळं. आत कुणी नात्यातलं आहे का, असं तिथल्या नोकरांवरच्या मुख्य बाईने विचारलं. केझिया नाही म्हणाली. तो एक शब्द पुढं जन्मभर तिच्या घशात अडकला.

नऊ वर्षं ती रोज सकाळी आवार घासून झालं की त्या दगडापाशी बादली टेकायची आणि ओल्या बोटाने अक्षरं गिरवायची. लिहिता-वाचता तिला काही येत नव्हतं. अख्ख्या मुळाक्षरांतली तिला दोनच ओळखीची, जे आणि डी, तीही बोटाला. एकदा तुरुंगाचा गवंडी एनॉक थर्लबी याने ते पाहिलं. अक्षरं त्यानेच कोरली होती. डोक्यावरची टोपी काढून तो उभा राहिला. गावात तेवढ्या एकाला कळलं.

मग सरकारने लहानसहान तुरुंग बंद केले आणि विदरफर्डचा तुरुंग पाडायला काढला. हाडं पेट्यांत भरून कुठल्याशा दफनभूमीत नेली. कुठल्या ते कुणी सांगेना, आणि विचारायचं तर आधी नातं सांगावं लागणार. त्याच दगडांचा हॉल बांधायचं काम एनॉककडे होतं. केझिया त्याच्याकडे गेली.

"मिस्त्री, तेवढा एक दगड फेकू नका."

"फेकत नाही. पण अक्षरं बाहेर ठेवता येणार नाहीत, बाई. जुन्या दगडाचं तोंड आत वळवायचं, ही आमची रीत."

"आत वळवा. कुठला ते मला सांगा, म्हणजे झालं."

हॉल उभा राहिल्यावर त्याने दाखवला. दाराच्या डावीकडे, तिसरा थर, चौथा दगड. दाखवताना त्याने पुन्हा टोपी काढली.

हॉलच्या पायऱ्या घासायचं काम केझियाने मागून घेतलं. पायऱ्या धुवायच्या, पांढऱ्या घासदगडाने त्यांच्या कडा उजळवायच्या आणि जाता जाता त्या चौथ्या दगडावर फडकं फिरवायचं. बावीस वर्षांत तो बाकीच्यांपेक्षा चांगलाच उजळला. हॉलचा रखवालदार पोकॉक चेष्टा करायचा, की मॉसबाई, तो एक पोटचा आणि बाकीचे सावत्र का? ती हसून घ्यायची.

एनॉकची अखेर गरीबघरात आली. तिथली एक बाजू त्यानेच बांधली होती. त्याने केझियाला बोलावून घेतलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तो दगड तो नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहार लावताना जॉबचा दगड फुटला. मुकादमाने तुकडे खडीच्या ढिगात टाकले आणि ती खडी हॉलसमोरच्या रस्त्यात गेली. "तुझ्यापुढं तोंड उघडेना. म्हणून दिसला तो दाखवला."

"बावीस वर्षं," केझिया म्हणाली, "बावीस वर्षं मी परक्याचं तोंड पुसलं, आणि माझ्याच्यावर पाय देऊन कामाला आले."

म्हातारा रडला. दयेपोटी बोललेलं खोटं हे, कुणीही समजून घेतलं असतं. तिला नाही घेता आलं. तिने त्याचं घसरलेलं पांघरूण वर ओढलं आणि निघून आली. चौथ्या दिवशी तो गेला, तेव्हा ती मातीला गेली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने पायऱ्या घासल्या, बादली उचलली आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन गुडघे टेकले. रस्ता घासायला लागली. गाडीवाले हसले. हातभर जागा धुऊन झाल्यावर तिने पांढऱ्या घासदगडाने त्या खडबडीत खडीवर दोन मोठी अक्षरं काढली. दुपारपर्यंत ती चाकांखाली गेली. पुढच्या बाजाराला तिने पुन्हा काढली. म्हातारीचा स्क्रू ढिला झाला, असं गाव म्हणू लागलं.

तिसऱ्या खेपेला पोकॉक खाली उतरला. वरून तक्रार आली होती आणि बिचाऱ्याला बोलायचं जिवावर आलं होतं. चार गाडीवाले, दोन बायका अशी माणसंही जमली.

"मॉसबाई, घरी चला. कुणाची अक्षरं ही?"

केझियाने हातातलं काम थांबवलं. चौतीस वर्षांपूर्वी तुरुंगात विचारलेलाच तो प्रश्न होता, फक्त शब्द वेगळे.

"माझ्या भावाची," ती म्हणाली. "जॉब ड्रुएट. इथल्या तुरुंगात फासावर गेला. मी त्याची थोरली बहीण."

पोकॉकने बादली उचलायला हात पुढं केला होता तो मागं घेतला. तिने डी पुरा केला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. मागं खोळंबलेल्या गाड्या निघाल्या. पहिल्या गाडीवाल्याने घोडा जरा बाजूने काढला. बाकीचे अक्षरांवरून गेले.