पेनाचं टोपण

बीडचे माझे मेंदूविकाराचे डॉक्टर रिपोर्ट आधी पालथे ठेवतात. माझा आजार दुर्मिळ. शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटते. गोळ्या पुरतील की भरती करून शिरेतून औषध द्यायचं, हे ते कशावरून ठरवतात, याचं मला कोडं होतं.

परवा माझ्या आधी हाच आजार असलेले एक मेंढपाळ होते. मी मागं बाकावर.

“मामा, मेंढरांना हाक कशी मारता?”

“हितं मारू?”

“हितंच. लई लांब गेलीत समजा.”

हाक निम्म्यातच विरली. डॉक्टरांनी गोळ्या लिहायला उघडलेल्या पेनाला टोपण लावलं. “मामा, गोळ्यांवर भागायचं न्हाई. आजच भरती व्हा.”

मग माझ्याकडं वळून त्यांनी डोळे मिटले. “गुरुजी, वर्गाची हजेरी घ्या.”

मी हसतच सुरुवात केली. विसाव्या नावाला माझा आवाज बसला, आणि टोपण लागल्याचं ऐकू आलं.