चढा ऋषभ

बावीस श्रुतींची नावं मला अजून तोंडपाठ आहेत, आणि त्यांतलं एकही नाव कानावर पडलं की माझं डोकं फिरतं.

स्वातंत्र्याच्या एक-दोन वर्षं आधी मी नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळेला गायनमास्तर हवा होता आणि मी पेटीवाल्या चाचांचं नाव सुचवलं. कापडबाजारामागे त्यांचं हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्तीचं दुकान. राहात्यापासून तिसगावपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे येत. मी गाणं शिकले तेही त्यांच्याकडेच, सात वर्षं. आता त्यांच्या डोळ्यांना कानशीचं बारीक काम झेपत नव्हतं. ही नोकरी मिळाली तरच म्हातारपण निभणार होतं.

मुलाखत घ्यायला पुण्याहून एक तज्ज्ञ आले. सोबत स्वतः बनवून घेतलेली पेटी. साध्या पेटीत सा ते सा बारा सूर, यांच्या पेटीत त्याहून बारीक अंतराच्या बावीस श्रुती, आणि प्रत्येक पट्टीवर संस्कृत नावाची चिठ्ठी. ही पेटी मोटारीच्या टपावरून, उन्हातून आलेली.

"भैरव रागातला ऋषभ कितव्या श्रुतीवर?" त्यांनी विचारलं.

"कितव्या ते न्हाई सांगता यायचं, साहेब. लावून दाखवतो," चाचा म्हणाले.

आणि लावला. भैरवाचा तो खाली झुकलेला, हलकेच डोलणारा ऋषभ तंबोऱ्यावर असा बसला की माझ्या अंगावर काटा आला. साहेबांनी पेटीवरची ऋषभाची पट्टी दाबली. ती सरळसरळ चढी बोलत होती.

"तुमचा सूर उतरलाय."

"पट्टी चढी हाय, साहेब. उन्हानं झालं असंल."

साहेब लालबुंद झाले. श्रुतीचं नाव ठाऊक नसलेला पेटीवाला त्यांना सूर शिकवणार! ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हीही गाता म्हणे. सांगा, कोण बरोबर?"

मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत होत्या. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

"आपण म्हणता तेच बरोबर असेल," मी म्हणाले.

चाचांनी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब मुलींना श्रुती समजावायला बसले, तर त्या पट्टीशी खुद्द त्यांचाच सूर जुळेना. "प्रवासात बिघडलेली दिसते," म्हणाले. किती सहज! पण चाचांना नापास करणारा कागद काही त्यांनी फाडला नाही. शेरा एकदा दिला की दिला, म्हणे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही असली विद्वत्ता. वर मलाच हुकूम, पेटी दुरुस्त करून आणा. गावात धड पेटीवाला एकच होता, हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच सांगितलं. मनातल्या मनात चरफडत टांग्यात पेटी घालून निघाले.

चाचांनी कुणाची पेटी ते विचारलं नाही. ऋषभाचा सूर देणारी पितळी पाती काढली, डोळे मिटून बोटांनी चाचपली आणि बुडाशी दोनदा कानस फिरवली. पाती परत बसवून भाता हलवला. सूर अलगद खाली आला आणि कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या तारा आपोआप गुणगुणल्या.

"लागला का गं, पोरी?"

"लागला, चाचा."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि ती माझ्याकडे सरकवली.

"हे काल बोलायचं हुतं," ते म्हणाले.