सासर झालेलं माहेर

एकोणीसशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात, एका पहाटे, शिपायांनी दार ठोठावलं तेव्हा अग्रिपिना सात वर्षांची होती. बापाकडे द्राक्षमळा आणि दोन घोडे, एवढाच त्याचा गुन्हा. मोल्दोव्हात आलेल्या सोव्हिएत राजवटीला असले 'धनदांडगे' नको होते. आईबाप आणि ती, तिघांना मालगाडीत कोंबून सैबेरियात नेलं. बाप तिकडेच लाकडं तोडता तोडता गेला.

काही वर्षांनी मायलेकी परतल्या, तर घरात झाखारिया नावाच्या भूमिहीन माणसाचं कुटुंब. सरकारनेच ते त्याला दिलं होतं. दोघी गावाबाहेर खोपटात राहिल्या आणि एकेकाळच्या आपल्याच मळ्यात मजुरीला जाऊ लागल्या. मळा आता सामुदायिक शेतीत गेला होता. तिथे शेजारच्या ओळीत झाखारियाचा मुलगा सिमिओन द्राक्षं खुडायचा.

अग्रिपिनाने सिमिओनशी लग्न ठरवल्याचं कळल्यावर आई दिवसभर मळ्यात राबत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "गावात दुसरा कुणी मिळाला नाही होय गं तुला?"

"त्याचा काय दोष, आई? पोरच होता तो तेव्हा."

"दोष नाही देत. पण त्या दारात पाहुणी म्हणून मी यायची नाही."

झाखारिया स्वतः आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "विहीणबाई, दिलं ते घेतलं मी. नाही म्हणायची छाती नव्हती."

"ठाऊक आहे. बसा, मक्याचा मामालिगा शिजतोय. खाऊन जा."

तो जेवून गेला. ती मात्र लग्नालाही फिरकली नाही.

पुढे ऐंशीच्या दशकात मॉस्कोने दारूविरुद्ध मोहीम काढली आणि गावातले वेल ट्रॅक्टरने उपटले गेले. नवऱ्याने लावलेले वेल उन्हात पडलेले बघून म्हातारी तडक लेकीच्या घरी आली, ओसरीवर बसली. झाखारिया शेजारी येऊन बसला. दोघं बराच वेळ मळ्याकडे बघत राहिली.

"आत चल, आई," अग्रिपिना म्हणाली.

म्हातारी उठली आणि आत गेली.

देश स्वतंत्र झाला. जमिनीचे तुकडे लोकांना परत मिळाले, अग्रिपिना आणि सिमिओनने आपल्या तुकड्यात पुन्हा वेल लावले, पण गावात कसायला माणसं उरली नाहीत. अग्रिपिनाची लेक लिलिया इटलीत परक्या म्हाताऱ्यांची सेवा करते. सिमिओन वारला, तेव्हा ती अंत्यविधीलाही पोहोचू शकली नाही.

"विकून टाक सगळं, इकडे ये," ती फोनवर सांगते.

"घेणार कोण गं? अर्धं गाव तर तुझ्याकडेच आहे."

गेल्या शरदात लिलिया सुट्टीवर आली, तिने द्राक्षं तोडायला हातभार लावला. ती परत गेली त्या दिवशी अग्रिपिना मळ्यात फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. थंडी पडायच्या आत वेलांच्या बुडाशी माती चढवायची होती.