वाघ गुहेच्या तोंडाशी

गेल्या पावसाळ्यापासून मी अश्मयुगात राहतो. पत्ता मात्र पाथर्डी फाट्याचाच आहे, तिसरा मजला, लिफ्ट बंद.

झालं असं, की आमची मुलगी प्रज्ञा नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि घरात एकदम जागाच जागा झाली. ती रोज फोन करायची. मी विचारायचो, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." मी विचारायचो, "थंडी आहे का?" ती म्हणायची, "आहे." मग मी फोन तिच्या मम्मीकडे, म्हणजे सुरेखाकडे द्यायचो, आणि सुरेखा विचारायची, "जेवलीस का?" अंबडच्या कारखान्यात उभी हयात लेथवर काढलेला माणूस मी, सवय मशीनशी बोलायची. पुढचं काही सुचायचंच नाही. फोन ठेवल्यावर मात्र भरपूर सुचायचं.

मग एकदा कळलं, की हीच पोरगी दर रविवारी संध्याकाळी कॉलेजच्या मित्रांशी तासन् तास बोलते. ते म्हणे खेळ खेळतात. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रज्ञा एक जग सांगते. बाकीचे त्या जगातली माणसं होतात आणि आता आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात.

"मला घेता का?" मी विचारलं.

मग प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, तुम्हाला रमी येते. हे वेगळं असतं."

"शिकेन."

तिचं जग मला पहिल्याच दिवशी आवडलं. त्या जगात माणूस शेती करायला शिकलाच नाही. म्हणजे साल आजचंच, पण गाव नाही, शहर नाही, कारखाना नाही. "डोळे मिटा पप्पा," ती म्हणाली. "आता आपल्या गॅलरीतून समोर बघा. हायवे नाहीये. बिल्डिंगी नाहीत. पार गोदावरीपर्यंत नुसतं गवत, आणि त्यात लांब सुळ्यांचे हत्ती. डोंगर तोच आहे, पण त्यात लेणी नाहीत, एक गुहा आहे. तिथे तुमची टोळी राहते."

"मग नोकरीला कुठे जातात?"

"कुठेच नाही. पाणी आटलं की जातात. पण सगळे एकदम जातात."

डोळे उघडायला सांगितलं नव्हतं, म्हणून मी ते थोडा वेळ तसेच मिटून ठेवले.

माझ्या माणसाचं नाव मी गारगोट्या ठेवलं. फासे स्टीलच्या ताटात टाकायचो, म्हणजे आवाज जर्मनीपर्यंत जावा. (सुरेखाला ते ताट भाकरीला लागायचं. रविवारी आमच्याकडे भाकरी उशिरा व्हायच्या.) टोळीत इगतपुरीचा अमोल होता, तो शिकारी, आणि त्याची बायको नेहा, ती जडीबुटीवाली. दोघं दर रविवारी मरता मरता वाचायचे. मी गुहेत बसून आग सांभाळायचो.

"काका, आज हत्ती बघायला चला," अमोल म्हणायचा.

"आग विझेल."

"मग मासे तरी पकडू."

"गुडघा दुखतोय."

"पप्पा, गारगोट्या वीस-बावीस वर्षांचा आहे," प्रज्ञा म्हणायची.

"गुहेत ओल फार आहे."

अखेर हिवाळ्यात प्रज्ञाने गुहेच्या तोंडाशीच एक वाघ आणून बसवला. मला बाहेर काढायलाच, हे उघड होतं. वाघही साधासुधा नाही, घोड्याएवढा, हातभर सुळ्यांचा.

नेमकं त्या संध्याकाळी घरात नेटवर्क धड मिळत नव्हतं, म्हणून मी गॅलरीत उभा होतो. कानात हेडफोन. हेडफोन घातलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही, आणि माझा आवाज तर चालत्या मशीनांवरून कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा.

"वाघ तोंडाशी बसलाय," मी म्हणालो. "पोरांना आत घ्या. कुणी हलू नका. मी मशाल पेटवतो."

आता आमच्या भागात बिबट्या हा थट्टेचा विषय नाही. मळ्यातून येतो आणि खुशाल एखाद्याच्या पार्किंगमध्ये बसतो. खाली जगताप काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, तर मी हातवारे करून पोरांना आत घ्यायला सांगतोय. मेथी तिथेच टाकून त्या घरात पळाल्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "साळवेंना बिबट्या दिसला." ए विंगने लिहिलं, पार्किंगमध्ये आहे. बी विंगने लिहिलं, सोबत पिल्लं आहेत. कुणीतरी पिल्लांचा फोटोही टाकला. (त्यात मागे बर्फ होता.)

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मशालीसाठी फासे टाकत होतो. ताटाचा खणखणाट ऐकून लोकांना वाटलं, साळवे बिबट्याला हाकलायला ताट वाजवतायत. मग सगळ्या गॅलऱ्यांतून ताटं वाजू लागली.

"काका, साउंड इफेक्ट भारी लावलेत," अमोल म्हणाला.

थोड्या वेळाने दार वाजलं. दारात वनखात्याची माणसं, हातात जाळी, मागे जिनाभर सोसायटी.

"कुठे पाहिलात?" साहेबांनी विचारलं.

माझ्या एका कानात अजून गुहाच चालू होती. "गुहेच्या तोंडाशी," मी म्हणालो.

"लेण्यांकडे का?"

"नाही, लेणी अजून कोरलेली नाहीत."

साहेबांनी जाळीवाल्याकडे पाहिलं. जाळीवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"केवढा होता?"

"घोड्याएवढा. सुळे हातभर."

"अहो," सुरेखा मागून म्हणाली, "फोन द्या त्यांना. पोरीला बोलू द्या."

मी हेडफोन काढून फोन दिला, साहेबांनी तो कानाला लावला. बराच वेळ ते नुसतं "हं, हं" करत होते. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "ताई, सगळं समजलं," ते म्हणाले. "पण मग वाघाचं काय झालं?"

फोनमधून प्रज्ञाचा आवाज सगळ्या जिन्याला ऐकू गेला. "ते पप्पा गुहेबाहेर पडतील तेव्हा कळेल. पावसाळ्यापासून आतच आहेत."

जगताप काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, खरा बिबट्या असता तर बरं झालं असतं.

सगळे गेले. प्रज्ञा अजून फोनवरच होती. हसून हसून तिचा आवाज बसला होता. इतकं हसताना तिला ऐकून मला खूप दिवस झाले होते, त्यामुळे मी मुद्दाम आणखी दोनदा सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग ती म्हणाली, "पप्पा, पण तुम्ही बाहेर का पडत नाही?"

"मेलो तर?"

"तर काय?"

"तर खेळ संपला. मग रविवारी मला कशाला फोन करशील?"

प्रज्ञाने नाक ओढलं. "मेलं की दुसरा माणूस घ्यायचा असतो, पप्पा," ती म्हणाली. "कितीही वेळा. एवढं विचारायचं तरी."

पुढच्या रविवारी मी बाहेर पडलो. वाघ कंटाळून केव्हाच निघून गेला होता. मी ओढ्यापाशी शेवाळावरून घसरून मेलो.

दुसरा माणूस घेताना सुरेखा शेजारी येऊन बसली. "मलाही घ्या," म्हणाली आणि पहिल्याच संध्याकाळी टोळीची म्होरकी झाली. फासे तिचंच ऐकतात. म्होरकी झाल्यावर तिने पहिला प्रश्न प्रज्ञालाच विचारला.

"तू कुठे राहतेस गं या रानात?"

"मी नसते मम्मी. मी फक्त सांगते."

"असं कसं? एवढं रान तुझं, आणि तुलाच जागा नाही?"

तेव्हापासून टोळीचा नियम आहे. आगीपाशी एक जागा मोकळी ठेवायची आणि शिकारीतला एक वाटा तिथे काढून ठेवायचा. तो खायला कुणी येत नाही, पण काढायचा. शिकार लहान असली तर तो वाटा माझ्यातून कापतात. आणि शिकार लहानच असते, कारण शिकारीला मला पाठवतात.