संशय दुधावर
दूध उतू गेल्याचा वास आला की नव्वदच्या दशकातली आमची धुळ्याची प्रयोगशाळा आठवते. पेशीच्या पडद्यातल्या सोडियम पंपावर फॉस्फेट आहे का, हे दाखवणारी अँटिबॉडी पहिल्यांदाच परदेशातून आली होती. ती भलतीकडे चिकटू नये म्हणून प्रथिनं उतरवलेला कागद आधी दुधात भिजवायचा, ही आमची जुनी पद्धत. नेमकी दूध पावडर संपलेली, म्हणून मी घरी रतीब घालणाऱ्या गवळ्याचं दूध साय काढून वापरलं. उमटायला हवी होती एकच रेघ, तर अख्खा कागद काळाकुट्ट! सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला गवळी आठवला. यानं नक्की काहीतरी कालवलंय. सकाळी त्याला दारातच अडवलं, "दुधात काय घालता, खरं सांगा." तो भडकला, "काहीच नही, ताई! बठ्ठं दूधच शे!" सगळं दूधच आहे, असं सगळेच म्हणतात. पण दोन दिवसांनी सरांनीच छडा लावला. दुधातल्या केसीन या प्रथिनावरही फॉस्फेट असतं, अँटिबॉडी त्यालाच जाऊन चिकटली होती. म्हणजे दूध अस्सल होतं, आणि तेच नडलं. आता मी पिशवीचं दूध घेते. संशय रोज येतो, पण दारात अडवायचं कुणाला?